अकरा सेंटिमीटर

“ताई, कौन्सिलचं पत्र आलंय. छपराबद्दल तक्रार आहे म्हणे. उद्या मोजायला येतायत, तुम्ही या.”

फोन हॅरोच्या दादांचा होता. मूळचे नाशिकचे, इथे येऊन बरीच वर्षं झालेली. लंडनमध्ये घरांच्या वाढीव बांधकामाचे नकाशे काढणं हे माझं पोटापाण्याचं काम, आणि त्यांच्या माळ्यावरच्या खोलीचे नकाशे माझेच. जाणं भागच होतं.

मेट्रोपॉलिटन रेल्वेलाइनच्या कडेला १९३० च्या दशकात जी सेमी-डिटॅच्ड घरं ओळीनं उठली, त्यातलंच हे एक. मधे सामाईक भिंत, वर एकच छप्पर, आढं एका घरातून सरळ दुसऱ्यात गेलेलं. शेजारी युगांडातून आलेल्या गुजराती बा एकट्या राहतात. दादांना छपराची उतरती बाजू सरळ करून मागे डॉर्मर, म्हणजे छपराच्या उतारातून बाहेर काढलेला खिडकीवाला खोका, काढायचा होता, त्यानं माळ्यावर एक चांगली खोली आणि न्हाणीघर निघतं.

इंग्लंडमध्ये अशा कामाला बहुतेक वेळा परवानगीच मागावी लागत नाही. २०१५ च्या सरकारी आदेशातला ‘क्लास बी’ तुम्हाला तो हक्क आधीच देऊन ठेवतो. अटी मात्र मोजून मापून. नव्या बांधकामाचा कुठलाही भाग मूळ छपराच्या सर्वांत उंच भागाच्या वर जाता कामा नये. रस्त्याकडच्या दर्शनी उतारापुढे यायचं नाही. वाढलेलं घनफळ दोन्ही बाजूंनी जोडलेल्या ओळीतल्या (टेरेस) घराला ४० घनमीटरपर्यंत, बाकीच्यांना ५०. मागची वळचण जागेवर ठेवायची आणि तिच्यापासून डॉर्मर किमान २० सेंटिमीटर आत घ्यायचा, तेही छपराच्या उतारावरून मोजून. घर संरक्षित परिसरात असेल तर हा हक्कच नाही, फ्लॅटलाही नाही. आमच्या नकाशात घनफळ ३४ च्या आसपास होतं आणि डॉर्मरचा माथा आढ्याच्या सहा सेंटिमीटर खाली. निवांत.

सकाळी पोचले तर दादा, वहिनी आणि मुकादम परांचीखाली उभे. मी वर चढले. फायबरग्लासचा सपाट माथा चकचकीत झाला होता, कडा बसवल्या होत्या. लेझर लावायच्या आधीच कळलं. बांच्या बाजूचं शेवाळलेलं आढं जिथे संपत होतं, तिथून पुढे दादांचा माथा पायरीसारखा वर आला होता.

खाली येऊन विचारलं तेव्हा दादा बुटांकडे बघू लागले. वहिनींनीच सांगून टाकलं. आयकियाचं पॅक्स कपाट घ्यायचं होतं, २३६ सेंटिमीटरवालं. नकाशातलं छत २२३. मग दादांनी मुकादमाला परस्पर सांगितलं, थोडं वर घे. त्यानं छताची लाकडं सतरा सेंटिमीटर वर घेतली, म्हणजे २४० चं छत आणि कपाट आरामात आत. मला कोणी कळवलं नाही. हेच कपाट २०१ सेंटिमीटरचंही मिळतं, पण ते दुकानात बघितलं तेव्हा ‘बुटकं’ वाटलं होतं म्हणे.

अकरा वाजता कौन्सिलच्या अधिकारी बाई आल्या. तिशीच्या, हेल्मेट, हातात स्टीलचा टेप, बोलणं मोजकं. तक्रार कुणाची हे त्या सांगत नाहीत, सांगायचंच नसतं. दादांची नजर तरी बांच्या खिडकीकडे जाऊन आलीच.

मुकादम हुशार. तो म्हणाला, जुनं आढंही एवढंच उंच होतं, आम्ही कौलं काढून पुन्हा बसवली एवढंच. दादांच्या बाजूचं आढं त्यानं खरंच उस्तरलं होतं आणि नव्या चुन्यावर कौलं जरा चढीच बसवली होती, त्यामुळे तिथे पुरावा उरला नव्हता. त्याला बळ यावं म्हणून दादांनी धुराड्याकडे बोट दाखवलं, “ते तर मीटरभर वर आहे!” धुराडं मोजत नाहीत. सरकारच्याच तांत्रिक मार्गदर्शिकेत लिहिलंय, उंच भाग म्हणजे मुख्य छपराचं आढं. धुराडी आणि वर आलेल्या भिंती सोडून द्यायच्या.

आता पुरावा एकच राहिला, बांचं आढं. त्याला नव्वद वर्षांत कुणी हात लावलेला नव्हता. परांचीवरून पट्टी तिथवर पोचत होती, तरी विचारलेलं बरं म्हणून मी दार वाजवलं. बांनी चष्मा सारखा केला, “मापी लो बेटा,” म्हणाल्या, आणि चहा घेणार का विचारलं. तक्रार त्यांनी केली होती की नव्हती, मला आजही माहीत नाही.

उन्हात लेझरची रेघ दिसत नाही, म्हणून पट्टीवर रिसीव्हर लावतात आणि कानानं मोजतात. पट्टी खालीवर करायची. पातळी जुळली की तुटक बीप सलग होतो. सामाईक भिंतीजवळ बांच्या आढ्यावर पट्टी ठेवली, सलग बीप, आकडा लिहिला. मग डॉर्मरचा माथा. सपाट म्हणतात पण त्याला मागे पाणी जायला उतार असतो, साधारण चाळीसात एक, म्हणून आढ्याकडची कडच सर्वांत उंच. फरक अकरा सेंटिमीटर. बाईंनी स्वतः पट्टी धरून पुन्हा घेतला. अकराच. काम सुरू होण्याआधीच्या मोजणीतला माझा आकडाही बांच्या आढ्याशी जुळला आणि मुकादम गप्प झाला.

“मग वरचे अकरा सेंटिमीटर बेकायदा ना?” दादा म्हणाले. “दंड किती? भरून टाकू.”

हा प्रश्न मी आपल्या माणसांकडून इतक्यांदा ऐकलाय! गुंठेवारी आणि नियमितीकरण बघत मोठे झालो आपण. इथे दंडाची पावती फाडून सुटत नाही. उलट परवानगीविना बांधणं हा मुळात गुन्हाच नाही. कौन्सिलची नोटीस आल्यावर ती डावलली की गुन्हा. पण अट मोडली की अकरा सेंटिमीटर नव्हे, अख्खा डॉर्मर ‘क्लास बी’च्या बाहेर जातो. मग संपूर्ण डॉर्मरसाठी रीतसर परवानगी मागा. तिथे कौन्सिलचे स्वतःचे नियम लागतात आणि बऱ्याच कौन्सिलांना डॉर्मर आढ्याच्या बराच खाली, चहूबाजूंनी आत घेतलेला हवा असतो. म्हणजे हक्कानं बांधता आला असता तोच डॉर्मर मागायला गेलं तर नाकारला जाऊ शकतो. विचित्र आहे, पण मला ही विचित्र रचना आवडते. खाली राहिलात तर कुणाला विचारू नका, वर गेलात तर सगळं विचारा. मधे खिरापतीला जागाच नाही.

दादांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी सांगितलं होतं, चार वर्षं गप्प बसा, मग माफ. जुना नियम. २५ एप्रिल २०२४ पासून इंग्लंडमध्ये ही मुदत दहा वर्षं झाली. आणि घर विकायला काढलं की समोरचा वकील कागद मागतोच.

बाईंनी माथा खाली घ्यायला आठ आठवडे दिले, वळचणीपासूनचं अंतरही मोजून घेतलं (२३ निघालं, तेवढं एक मुकादमानं नीट केलं होतं) आणि निघून गेल्या. मुकादमानं फायबरग्लास फोडला, लाकडं उतरवली, इन्सुलेशन काढून पुन्हा बसवलं. खर्च कुणी किती सोसला यावर त्या दोघांचं काय झालं ते मी विचारलं नाही. खोलीचं छत २२३ वर आलं, आढ्याची कौलंही बांच्या पातळीला आली. मी सगळं पुन्हा मोजलं आणि झालेलं काम कायदेशीर असल्याच्या दाखल्यासाठी १९९० च्या कायद्याच्या कलम १९१ खाली अर्ज टाकला. दाखला आला. २०१ चं कपाटही आलं.

परवा दादांचा मेसेज: “ताई, मागे बागेत शेड टाकतोय, कुंपणाला लागून. उंची किती चालते?” कुंपणापासून दोन मीटरच्या आत असेल तर अडीच मीटर, मी लिहिलं. आणि खाली लिहिलं, आत काय ठेवणार आहात त्याचं माप आधी मला पाठवा.