तित्तिर बारा वेळा, ढोल एकदाच

आमची शाळा मराठी माध्यमाची, पण मिशनची. त्यामुळे डिसेंबरात गॅदरिंगच्या तालमी आणि नाताळची गाणी एकदमच सुरू व्हायची. त्यातलं ‘ट्वेल्व्ह डेज ऑफ ख्रिसमस’ माझ्या पिढीला आजही अख्खं पाठ असेल. इंग्रजी जेमतेम वाचता यायचं, म्हणून गाण्याच्या बाई शब्द फळ्यावर देवनागरीत लिहून द्यायच्या.

गाणं तसं अगदीच येडपट. पहिल्या दिवशी प्रियकर पाठवतो नासपतीच्या झाडावरचा एक तित्तिर. दुसऱ्या दिवशी दोन होले, आणि वर पुन्हा एक तित्तिर. असं करत बाराव्या दिवशी बारा ढोलवाले येतात आणि मागची सगळी वरात उलट्या क्रमाने पुन्हा दारात उभी राहते. हादग्यात पहिल्या दिवशी एक गाणं, दुसऱ्या दिवशी दोन, तशी खिरापतही वाढत जाते. त्यामुळे आम्हा मुलींना ही चढण नवी नव्हती.

बाई एकेकीला एकेक आकडा वाटून द्यायच्या. तित्तिरवालीला बारा वेळा गावं लागे, ढोलवालीला एकदाच, तेही सगळ्यांचा घसा बसल्यावर. माझ्याकडे पाच सोन्याच्या अंगठ्या होत्या. सगळ्यात भाव खाणारी जागा तीच! बाकीच्या ओळी धावत सुटलेल्या असतात आणि तिथे येऊन गाणं ऐटीत रेंगाळतं. बाई पेटीचा भाता ओढून धरायच्या आणि मान हलेपर्यंत सूर सोडू द्यायच्या नाहीत. अंगठ्यांची ती लांबवलेली चाल फ्रेडरिक ऑस्टिन या इंग्रज संगीतकाराने 1909 साली बसवली, हे मला फार पुढे कळलं. शब्द त्याहून बरेच जुने. 1780 च्या सुमारास लंडनमध्ये ते मुलांच्या पुस्तकात छापले गेले, आणि तेही स्मरणशक्तीचा खेळ म्हणून: चुकेल त्याने दंड भरायचा. आमच्याकडे ऑफ तासाला हा दंड बोरांत वसूल होई. काहींची दप्तरं शनिवारपर्यंत रिकामी.

गणिताच्या सरांनी एकदा तालीम थांबवून विचारलं, एकूण भेटी किती? तित्तिर 12, होले 22, मग 30, 36, 40, 42. आणि तिथून तेच आकडे उलटे, 42 पासून 12 पर्यंत. बेरीज 364. वर्षाच्या दिवसांपेक्षा एकच कमी! सूत्र पाठ करून जे डोक्यात शिरलं नसतं, ते तिथे फळ्यावर दिसलं. यातले 184 तर नुसते पक्षी. ते ठेवायचे कुठे, हा विचार त्या प्रियकराने केलेला दिसत नाही.

हे बारा दिवस नाताळच्या आधीचे, असा अनेकांचा समज असतो. खरं तर ते 25 डिसेंबरला सुरू होतात आणि 5 जानेवारीला संपतात. दुसऱ्या दिवशी तीन राजांचा सण. बाई मूळच्या गोव्याच्या, त्यामुळे चांदोरच्या त्या सणाचं वर्णन ऐकता ऐकता आमची एक तालीम दरवर्षी बुडायचीच. त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती.

शाळेच्या महोत्सवातल्या स्नेहमेळाव्यात हे गाणं पुन्हा म्हणायचं ठरलं आहे. अकरा जणी जमल्या आहेत, आमची ढोलवाली मात्र कॅनडात आहे. कुणी रिकामी असेल तर कळवा. एकदाच गायचं आहे.