ट्रेल मेंटेनन्सला पहिल्यांदाच व्हॉलंटियर म्हणून गेले, तो अनुभव

ट्रेल मेंटेनन्सला जातेय म्हटलं की लोक विचारतात, म्हणजे कचरा उचलायला का? कचरा उचलतातच, पण तो जाता जाता. खरं काम वेगळंच असतं, डोंगरातल्या पायवाटांची दुरुस्ती आणि देखभाल, आणि ते करून आल्यापासून डोक्यात इतकं काही चाललंय की लिहून काढतेय, कुणाला जायचं असेल तर उपयोग होईल.

नाव नोंदवणं काही अवघड नव्हतं. एक फॉर्म होता, त्यात गुडघे-कंबरेचा त्रास, अ‍ॅलर्जी, चालू औषधं, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंय आणि अडचण आली तर कुणाला कळवायचं हे सगळं विचारलेलं. हे मनापासून खरं भरा, कारण त्यावरूनच कुणाला कुठलं काम द्यायचं ते ठरतं, ज्याची कंबर धरलेली आहे त्याला दगड हलवायला पाठवत नाहीत. अनुभव शून्य असला तरी चालतो असं स्पष्ट लिहिलं होतं. कपडे म्हणजे पूर्ण बाह्यांचा शर्ट, फुल पँट, जाड सोलचे बूट, जाड हातमोजे. हेल्मेट आणि गॉगल त्यांनी दिले. पाणी मात्र ट्रेकला नेतो त्याच्यापेक्षा बरंच जास्त न्या, खणायला लागलं की घाम किती येतो ते चालताना कळत नाही.

सकाळी आधी हत्यारांची ओळख झाली. कुदळ, फावडं, पहार, करवत, लांब दांड्याची कात्री ही माहितीची होती, दोन नवीन होती. एक पुलास्की, एका बाजूला कुऱ्हाड आणि दुसऱ्या बाजूला कुदळीसारखं आडवं पातं. एड पुलास्की नावाच्या अमेरिकन वनरक्षकाच्या नावावरून ते ओळखलं जातं, १९१० च्या मोठ्या वणव्यात याच माणसाने आपल्या माणसांना खाणीच्या बोगद्यात नेऊन वाचवलं होतं. दुसरं मॅक्लिओड, एका बाजूला दाताळं आणि दुसऱ्या बाजूला रुंद पातं, माती ओढायला, सपाट करायला आणि उभं धरून चोपायलाही. दोन्ही हत्यारं मुळात जंगलातल्या आगी रोखायला बनवलेली आणि आता जगभर ट्रेलच्या कामाला वापरतात.

मग सेफ्टी. हा भाग मला फार आवडला कारण प्रत्येक नियमामागचं कारण सांगत होते. हत्यार खांद्यावर टाकायचं नाही, हातात, शरीराच्या बाजूला धरायचं, आणि तेही दरीच्या बाजूच्या हातात, म्हणजे पाय घसरला तर ते खाली फेकून देता येतं आणि आपण त्याच्यावर पडत नाही. चालताना दोघांमध्ये १० फूट अंतर. काम करताना हात आणि हत्यार मिळून जेवढं लांब पोचतं तेवढं आपल्याभोवतीचं गोल रिंगण धोक्याचं, त्यात कुणी शिरायचं नाही, पलीकडे जायचं असेल तर आवाज द्यायचा, समोरच्याने थांबून, हत्यार जमिनीला टेकवून, आपल्याकडे बघून या म्हटल्यावरच पुढे व्हायचं. आणि उतारावर कुणाच्याही बरोब्बर खाली काम करायचं नाही. दगड सुटला तर आधी ओरडायचं, मग बाकीचं.

आता मुख्य गोष्ट. वाट खराब होते ती माणसांच्या पायांनी, असं आपल्याला वाटतं, पाय थोडेफार जबाबदार आहेतच, पण वाट खरी खाते ते पाणी. आमच्या टीम लीडरने (वयाने बऱ्याच मोठ्या, सगळे त्यांना ताईच म्हणत होते) काम सुरू करण्याआधी नुसतं वाटेवरून चालवत नेलं आणि प्रत्येक ठिकाणी एकच विचारत गेल्या, इथे पाऊस पडला तर पाणी कुठून येईल आणि कुठून बाहेर जाईल? पहिल्या दोनतीन ठिकाणी कुणालाच सांगता येईना. मग हळूहळू दिसायला लागलं. वाटेच्या मधोमध बारीक घळ पडलेली, झाडांची मुळं उघडी पडलेली, खाली वळणावर बारीक वाळूचा थर साचलेला, म्हणजे पाणी वाटेवरून धावत आलं आणि तिथे येऊन मंदावलं.

चांगली वाट दरीच्या बाजूला जराशी कललेली असते, साधारण ५ टक्के, म्हणजे वाट १ मीटर रुंद असेल तर बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा ५ सेंटीमीटर खाली, म्हणजे पाणी वाट ओलांडून सरळ निघून जातं, वाटेवरून धावत नाही. पण लोक मधून चालून चालून मधला भाग दबतो, माती बाहेरच्या कडेला सरकते आणि तिथे छोटासा बांधच तयार होतो, मग पाणी आत अडकतं आणि वाटेचा नाला होतो. आमचं निम्मं काम हा बांध फोडून ती माती परत मधल्या खोलगट भागात ओढायची, चोपायची आणि उतार परत आणायचा हेच होतं. बघणाऱ्याला वाटेल की नुसती माती इकडची तिकडे करतायत.

दुसरं काम चर साफ करणं. वाटेत ठरावीक अंतरावर तिरके चर किंवा पुरलेल्या दगडांचे, ओंडक्यांचे अडथळे असतात, वाटेवर आलेलं पाणी त्यांनी बाजूला काढायचं असतं. मी इतके वेळा असल्या गोष्टी ओलांडून गेलेय. ते गाळाने आणि पानांनी भरले की पाणी वरून उडी मारून पुढे जातं आणि मग ते असून नसल्यासारखे. गाळ काढायचा तो खालची घट्ट माती लागेपर्यंत, चराचं बाहेरचं तोंड चांगलं फावडंभर रुंद करायचं आणि इतकं लांब न्यायचं की पाणी वळसा घालून परत वाटेवर येता कामा नये. काढलेली घट्ट माती वाटेला वापरायची पण कुजलेली पानं, काळी भुसभुशीत माती वाटेवर ठेवायची नाही, ती पाणी धरून ठेवते आणि महिन्याभरात चिखल होतो, ती खालच्या अंगाला लांब फेकायची. चर झाल्यावर ताईंनी बाटलीतलं पाणी ओतून दाखवलं, ते सरळ बाहेर गेलं तेव्हा आम्ही सगळे इतके खूश झालो की काय सांगू.

वाटेच्या चढाचाही एक नियम सांगितला तो मी आता प्रत्येक डोंगरावर लावून बघते. डोंगराचा उतार जेवढा, त्याच्या निम्म्याहून जास्त चढ वाटेला नको. उतार ३० टक्के असेल तर वाट १५ टक्क्यांच्या आत. त्याच्यावर गेलं की पाणी वाट ओलांडत नाही, वाटच धरतं, आणि मग कितीही चर खणा. सरळ वर जाणाऱ्या जुन्या वाटा का धुपतात आणि नागमोडी वाटा का टिकतात ते तिथेच कळलं.

फांद्या छाटण्यात फार वेळ गेला नाही. चालायच्या वाटेसाठी साधारण ४ फूट रुंद आणि ८ फूट उंच जागा मोकळी ठेवायची, पाठीवर मोठी सॅक असलेला माणूस अडकू नये इतकी. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे थोडा फुगीर भाग असतो, त्याच्या लगेच बाहेर कापायचं, फुगीर भागाला धक्का लावायचा नाही, झाडाची जखम तिथूनच भरून येते. जाड फांदी असेल तर आधी खालून अर्धवट काप, मग थोडं पुढे वरून, नाहीतर फांदी स्वतःच्या वजनाने मोडताना खोडाची साल सोलत नेते. कापलेल्या फांद्या वाटेवरून दिसणार नाहीत अशा लांब न्यायच्या, बुंध्याची बाजू वाटेकडे नाही.

दुपारनंतर दगडी पायऱ्या. हे काम बघायला मिळालं आणि थोडंसं करायलाही. एक पायरी बसवायला चार माणसांना किती वेळ लागतो हे ज्याने केलंय त्यालाच कळेल, कारण दगड ठेवायचा नसतो, पुरायचा असतो, निम्म्याहून जास्त जमिनीत. खालून वर बांधत जायचं आणि वरच्या पायरीची पुढची कड खालच्या पायरीच्या मागच्या भागावर टेकली पाहिजे, म्हणजे वजन एकमेकांवर येतं आणि एकही सुटा राहत नाही. फटीत माती भरायची नाही, ती वाहून जाते, दगडाच्या कपच्या ठोकून बसवायच्या. दगड उचलायचा नाही, पहारीने सरकवायचा, लोळवायचा, आणि बोटं कधीच खाली घालायची नाहीत. शेवटी पायरीवर उभं राहून चारी कोपऱ्यांवर वजन टाकून बघायचं, जरा जरी डुगडुगली तरी काढून परत. आमची एक पायरी परत काढली. कुणीही कुरकुर केली नाही, सगळ्यांना ती पक्कीच हवी होती.

शॉर्टकट बंद करायचं काम मला सगळ्यात जिव्हाळ्याचं वाटलं. नागमोडी वळणाच्या मधून लोक सरळ खाली उतरतात, तिथे आधी गवत मरतं, मग माती दबते, मग पाणी तिथूनच वाहायला लागतं आणि चांगल्या बांधलेल्या वळणाचीही वाट लागते. नुसती पाटी लावून कुणी थांबत नाही. दबलेली माती उकरून मोकळी करायची म्हणजे बी रुजतं, वाळक्या फांद्या जमिनीत उभ्या खोचायच्या, आडवे ओंडके टाकायचे, आणि हे वरच्या आणि खालच्या दोन्ही टोकांना, जिथपर्यंत नजर जाते तिथपर्यंत, म्हणजे इथून वाट होती हेच दिसू नये. आणि त्याच वेळी खरी वाट चालायला सोपी करायची, कारण चिखल असला की लोक कडेने जाणारच आणि वाट रुंद होत जाणार. म्हणून मी तरी आता सगळ्यांना सांगते, चिखल असला तरी मधूनच चाला, बूट धुता येतात.

बुटांवरून आठवलं, निघताना बूट आणि हत्यारं घासून माती काढायला लावली. न्यूझीलंडमध्ये कौरी या प्रचंड झाडांना मारणारा रोग मातीतून पसरतो आणि बुटांना चिकटलेली थोडीशी मातीही त्याला पुरते, म्हणून तिथे ट्रेलच्या तोंडाशी बूट साफ करायच्या जागा केल्यात आणि काही वाटा बंदही केल्या. एका ठिकाणचं बी, रोग दुसरीकडे न्यायचं नाही, हे ट्रेकला जाणाऱ्या प्रत्येकाने करावं असं मला फार वाटतं.

अमेरिकेतली अ‍ॅपलेशियन ट्रेल जवळपास ३,५०० किलोमीटरची आहे, १९२१ साली बेंटन मॅके यांनी ती कल्पना मांडली, १९३७ मध्ये वाट पूर्ण झाली, आणि आजही तिची देखभाल मोठ्या प्रमाणात व्हॉलंटियरच करतात, ठरावीक लांबीचा तुकडा एकेका क्लबकडे. हे ऐकून मला फार बरं वाटलं, म्हणजे एवढी मोठी गोष्टसुद्धा अशीच, कुणीतरी आपल्या तुकड्यातले चर उपसून उभी ठेवलीय.

दुसऱ्या दिवशी तळहात, खांदे, मांड्यांचा मागचा भाग सगळं दुखत होतं, ते दोन दिवसांत गेलं. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी नाव देताना काम कसलं आहे ते विचारून घ्या, चर साफ करणं आणि छाटणी कुणालाही जमते, दगडांच्या कामाला ताकदीपेक्षा सबुरी लागते पण पूर्ण दिवस हातात हवा. थकलं की थांबायचं आणि तसं सांगायचं, दमलेल्या हातात धारदार हत्यार नको, आमच्याकडे कुणी थांबलं तर त्याला लगेच गाळाची घमेली वाहण्याऐवजी मोजमाप धरायला दिलं जायचं. आणि जायला नाहीच जमलं तर ट्रेकला जाताना भरलेला चर, पडलेलं झाड, सुटलेली पायरी दिसली की फोटो काढून नेमकी जागा त्या वाटेची देखभाल करणाऱ्यांना कळवा, त्यांची पुढची कामं बरीचशी अशाच निरोपांवरून ठरतात. मी पुढच्या खेपेला पायऱ्यांच्या टीममध्ये नाव देऊन ठेवलंय.