किप: हो / नाही

जिम्नॅस्टिक्सच्या छंदवर्गातून स्पर्धा संघात जाणाऱ्या मुलींचे फॉर्म भरायचं काम कोच म्हणून माझ्याकडे असतं. त्या फॉर्मवर सातव्या ओळीत एवढंच छापलेलं आहे: 'किप येते का? हो / नाही.' किप म्हणजे बारला लोंबकळून, झोका घेऊन बारच्या वर येणं. बाकीच्या ओळी पाच मिनिटांत होतात. ही एक ओळ कधीकधी आठ-आठ महिने कोरी राहते आणि तेवढे दिवस पालक, कार्यालय आणि खुद्द मुलगी, तिघांचा प्रश्न एकच असतो: अजून किती?

बाकीचं पटकन उरकतं. तिन्ही स्प्लिट जमिनीला टेकलेले, फ्लोअरवर राउंड-ऑफ (कार्टव्हीलसारखी उडी, पण दोन्ही पाय एकत्र टेकतात) आणि बॅक हँडस्प्रिंग (हातांवरून मागे उलटी), व्हॉल्टला, म्हणजे धावत येऊन हात टेकून उडी मारायच्या साधनाला, बिचकत न थांबता धाव, बीमवर, म्हणजे उंच अरुंद पट्टीवर, दोन सेकंद टिकणारा हँडस्टँड. यातलं काही राहिलं असेल तर सरावाने येतंच. पाहणाऱ्यांना बीमची धास्ती जास्त वाटते, कारण तो १२५ सेंटिमीटर उंच आणि जेमतेम १० सेंटिमीटर रुंद. पण बीम पायरीपायरीने शिकवता येतो. आधी जमिनीवरची रेघ, मग बुटका बीम, मग दोन्ही बाजूंना गाद्या रचलेला उंच बीम. किपची बुटकी आवृत्ती नसते. अर्धी किप म्हणजे बारखाली लोंबकळणं.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: बार धरून पुढे झोका घ्यायचा, झोक्याच्या टोकाला पाय बारशी आणायचे आणि हात न वाकवता बारच्या वर, मांड्या बारला टेकवून यायचं. सुरुवातीच्या पातळीवरचे अनइव्हन बारचे, म्हणजे एक खाली आणि एक वर अशा दोन बारांवरचे, बहुतेक सेट (सलग करायच्या हालचाली) इथूनच सुरू होतात. १७० सेंटिमीटरच्या खालच्या बारवरून २५० सेंटिमीटरच्या वरच्या बारवर गेलं की पुन्हा किपच लागते. म्हणजे ती नसेल तर पुढचं काहीच सुरू होत नाही. म्हणून ती ओळ फॉर्मवर आहे, हे मान्य. 'हो / नाही' मान्य नाही.

किप अडली की घरचे सगळ्यात आधी म्हणतात, 'हातात ताकद नाही.' क्वचित ते खरं असतं. माझं मोजमाप साधं आहे: बारला लोंबकळून, गुडघे न वाकवता, झोका न घेता पाय बारला लावणं सलग आठ वेळा जमत असेल आणि तीन पुल-अप निघत असतील, तर ताकद पुरेशी आहे. त्यानंतरही किप लागत नसेल तर गडबड वेळेची आहे. त्या मुलीला आणखी पुल-अप मारायला लावणं म्हणजे दुखतंय गुडघ्याला आणि लेप लावतोय कपाळाला. उलट नुकसानच होतं. पुल-अपने कोपर वाकवायची सवय मुरते आणि किपमध्ये नेमकं तेच चालत नाही. कोपर किती वाकलं त्यानुसार पंच ०.१०, ०.३० किंवा ०.५० कापतात.

वेळ चुकते ती दोन जागी.

पहिली जागा झोक्याच्या पुढच्या टोकाला. बारपासून हातभर मागे उभं राहून, कंबर मागे ढकलत उडी मारून बार धरायचा, पाय गादीला घासणार नाहीत इतके वर ठेवून पुढे सरकायचं आणि टोकाला शरीर पूर्ण उघडायचं. कंबर सरळ, छाती किंचित पुढे. हा ताणाचा क्षण जेमतेम अर्ध्या सेकंदाचा असतो आणि मुली तोच खातात. पाय बारला न्यायचे आहेत हे डोक्यात असल्यामुळे निम्म्या वाटेतच घडी घालायला लागतात. झोका तिथेच मरतो. मग पाय पोचतात, पण मागे खेचून नेणारा वेगच उरलेला नसतो आणि मुलगी दोरीवर टाकलेल्या चादरीसारखी बारला अडकून राहते. याच्या उलट चूकही होते: ताण छान घेतला, पण पाय उचलायला उशीर झाला. मोबाइलवर अगदी बाजूने, बारच्या उंचीवरून स्लो मोशनमध्ये चित्रीकरण करा आणि एकच गोष्ट पाहा. पायाचे घोटे बारला लागतात तेव्हा कंबर कुठे आहे? बारच्या पुढे असेल तर ठीक. बारच्या मागे गेली असेल तर उशीर झाला, पुढे काहीही केलं तरी ती वर येणार नाही. समोरून काढलेला व्हिडिओ या कामी शून्य उपयोगाचा.

दुसरी जागा मनगट. याबद्दल कुणी बोलतच नाही, आणि माझ्या मते निम्म्या अडलेल्या किपा इथे अडतात. घोटे बारला लागले की बार नडगीवरून, गुडघ्यावरून, मांडीवरून वर घसरत यायला हवा. पँट वर ओढतो तशी हालचाल, हात सरळ. शेवटी, मांड्या बारला लागता लागता मनगटं बारच्या वर फिरली पाहिजेत, म्हणजे खांदे बारच्या पुढे येतात. ज्यांनी बार मुठीत घट्ट आवळलेला असतो त्यांचं मनगट फिरत नाही. बार मांडीपर्यंत येतो, मुलगी छातीइतकी वर येते आणि तिथून घसरते. किंवा एक कोपर आधी वर निघतं, दुसरं मागे राहतं. अनइव्हन बारची दांडी साधारण ४ सेंटिमीटर जाड असते, पुरुषांचा हाय बार २.८ सेंटिमीटरचा. आठ-नऊ वर्षांच्या तळहाताला ४ सेंटिमीटरला पूर्ण वेटोळं घालता येत नाही, म्हणून मूल जिवाच्या आकांताने आवळतं. 'घट्ट धर' असं ओरडणारे कोच आणि पालक इथे घोळ घालतात. मी सांगते, अंगठाही बोटांच्या बाजूलाच, बारच्या वर ठेव, आणि बोटांचा आकडा कर, मूठ नको.

सराव काय करायचा? जमिनीवर उताणं झोपून, डोक्यामागच्या खांबाला रबरी पट्टा बांधायचा, त्यात काठी अडकवायची आणि ती सरळ हातांनी डोक्यामागून मांडीपर्यंत ओढायची. मांडीशी आल्यावर मनगटं मुद्दाम वळवायची. पंधरा-पंधराचे तीन संच. मग बारवर चढून, वरच्या आधारातून (हात सरळ, मांड्या बारला) मागे पडत, पाय बारशी ठेवून तसंच परत वर यायचं. काहींना ही उलटी वाट आधी सापडते, कारण त्यात ताण घेऊन थांबायची भानगड नाही. आणि कोचने धरून मदत करायची असेल तर एक हात कंबरेखाली, एक मांड्यांमागे. पण मदत किती, हे मोजा. आमच्यातलेच काही जण मुलीला अक्षरशः उचलून वर ठेवतात, ती खूश, पालक खूश, फॉर्मवर 'हो'. दोन बोटांच्या मदतीने जी वर येत नाही ती किप अजून कोचची आहे, मुलीची नाही.

एका दिवसात मोजून बारा प्रयत्न. त्यानंतर हात थकतात, चुकीची वेळच पक्की होते आणि तळहात सोलतो. सोललाच तर सुटलेली कातडी स्वच्छ कात्रीने कापा, साबणाने धुवा, दोन-तीन दिवस बार बंद. घट्टे वाढू देऊ नका. अंघोळीनंतर कातडी मऊ असताना दगडाने घासून सपाट ठेवा, कारण उंचवट्यालाच बार धरतो आणि तिथूनच कातडी फाटते. किपसाठी ग्रिप, म्हणजे तळहातावर बांधायचे चामडी पट्टे, विकत आणायची घाई करू नका. दांडीवाली ग्रिप (बोटांपाशी बारीक दांडी शिवलेली) ढिली झाली किंवा मुळात लांब असली तर बारभोवती दुमडून अडकते आणि मनगट मोडायची वेळ येते.

आता त्या 'हो / नाही'कडे परत. गुरुवारी बाराव्या प्रयत्नात एकदा लागली, शनिवारी एकदाही नाही. काय लिहायचं? आमच्या वर्गातल्या बारवर लागते, पण स्पर्धेच्या बारची लवचीकता वेगळी, तिथे पहिल्या झोक्याला वेळ चुकते. काय लिहायचं? मार्चमध्ये दहापैकी नऊ होती, पाच महिन्यांत मुलगी सहा सेंटिमीटर वाढली आणि किप गायब. शरीराची लांबी बदलली की झोक्याची वेळ बदलते, ती पुन्हा शिकावी लागते. यात मुलीचा दोष काहीच नाही. पण फॉर्मवर 'हो' आहे आणि आता सगळे तिच्याकडे आळशी म्हणून बघतात. या वाढीच्या काळात हातांवर वजन घेताना मनगट दुखतंय असं ती म्हणाली तर ताणू नका, डॉक्टरांना दाखवा. तिथली हाडं अजून वाढत असतात.

संघाच्या दृष्टीनेही डळमळीत 'हो' महाग पडतो. पुष्कळ स्पर्धांत प्रत्येक साधनावर संघातले वरचे तीन किंवा चारच गुण धरतात. जागतिक स्पर्धेच्या संघ अंतिम फेरीत तर तिघी उतरतात आणि तिघींचेही गुण मोजतात, झाकायला जागाच नाही. आंतरराष्ट्रीय नियमांत पडलं की पूर्ण १ गुण जातो, लहानांच्या काही स्पर्धांत अर्धा, आणि फसलेल्या घटकाचं मूल्य जातं ते वेगळंच. २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये दीपा कर्माकरचं व्हॉल्टचं कांस्य ०.१५ने हुकलं. चषकांची कपाटं अशा दशांशांवर भरतात आणि रिकामी राहतात. म्हणून किप दहापैकी आठ वेळा एकटीने लागत नसेल, तर नियम परवानगी देत असतील तिथे मी पुलओव्हरने (हात वाकवून, पाय बारवरून मागे नेत वर चढणं) सुरू होणारा साधा सेट देते. कपाळावर आठ्या पडतात, पण ती मुलगी न पडता सेट पूर्ण करते.

हे आधी सांगायला हवं होतं: फॉर्मसाठी वयोगट बघताना वाढदिवसाची तारीख की फक्त जन्मवर्ष, हे स्पर्धेच्या पत्रकात नीट वाचा. आंतरराष्ट्रीय नियम वर्ष पाहतात. ज्या वर्षी मुलगी सोळा पूर्ण करणार ते अख्खं वर्ष ती सीनियर.

स्पर्धेच्या दिवशीची वेळही लक्षात ठेवा. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत साधनावरच्या सरावाला प्रत्येकीला ३० सेकंद मिळतात, बारला ५०, आणि त्यातच बारला चॉक (पकड घसरू नये म्हणून लावायची पांढरी पूड) लावणंही आलं. पाण्याची फवारणी करून मग चॉक, याचं सामान कोचने आधीच हातात धरून ठेवायचं. मुलीने पहिला झोका किप न मारता नुसता घ्यायचा, बार किती वाकतो ते कळायला. दुसऱ्यांदा किप. सेटमध्ये पडलीच तर बारवर परत चढायला ३० सेकंद असतात. तेवढ्यात हात पुसून, चॉक लावून, श्वास घेऊन होतो. घाईने लगेच उडी मारणारीची दुसरी किपही हमखास जाते.

गेल्या खेपेला मी त्या सातव्या ओळीत 'हो'वरही खूण केली नाही आणि 'नाही'वरही. बाजूला लिहिलं: १० पैकी ७, मदतीशिवाय, खालचा बार, आणि तारीख. फॉर्म चार दिवसांनी परत आला. माझ्या आकड्याभोवती लाल गोल होता आणि खाली लिहिलं होतं: कृपया एकाच पर्यायावर खूण करावी.