बेकहॅमची फ्री किक आणि आपलं मुरमाड मैदान

फुटबॉलपटू डेव्हिड बेकहॅम इंग्लंडकडून ११५ सामने खेळला, गोल १७. पण मला त्याची सगळी कारकीर्द ६ ऑक्टोबर २००१ च्या एका किकमध्ये दिसते. मँचेस्टरचं ओल्ड ट्रॅफर्ड मैदान, समोर ग्रीस, इंग्लंड १-२ ने मागे. त्या दिवशीच्या त्याच्या आधीच्या फ्री किक (फाउलनंतर चेंडू जागेवर ठेवून मारायच्या किक) वाया गेल्या होत्या. तरी ९३ व्या मिनिटाला त्यानेच चेंडू ठेवला, बरोबरी साधली आणि इंग्लंड २००२ च्या विश्वचषकाला थेट पात्र ठरलं.

तो डावीकडून तिरका धावत येई. डावा पाय चेंडूशेजारी घट्ट, अंग डावीकडे बरंच झुकलेलं, डावा हात मागून फिरणारा. उजव्या पायाच्या अंगठ्याच्या सांध्याजवळचा आतला भाग चेंडूच्या उजव्या-खालच्या बाजूला लागे. त्यामुळे चेंडू स्वतःभोवती फिरतो, हवा त्याला डावीकडे ढकलते. फार खाली मारलं की तो आकाशात, मधोमध मारलं की सरळ भिंतीत, म्हणजे समोर ओळीने उभ्या बचावपटूंवर.

लातूर-परभणीकडच्या पोरांची गफलत बहुधा डाव्या पायात होते. मुरमावर बुटाच्या तळाचे लांब खुंट, म्हणजे स्टड, रुतत नाहीत, पाय सरकतो आणि अंग झुकवायची भीती बसते. आखूड रबरी स्टडचे बूट घ्या. ५ नंबरचा चेंडू दगडासारखा फुगवू नका; ९-१० पीएसआय (पंपावरचं हवेच्या दाबाचं माप) पुरे. उन्हात ठेवलेल्या चेंडूतली हवा पुन्हा तपासा, दाब वाढलेला असतो. भिंत ९.१५ मीटरवर, पावलांनी नव्हे, टेपने मोजून.