आज १९ एप्रिल

सकाळी चहा घेताना घड्याळात आठ वाजलेले दिसले आणि कप हातात तसाच राहिला. २०१२ साली याच दिवशी, याच सुमाराला ओडिशाच्या व्हीलर बेटावरून (आताचं अब्दुल कलाम बेट) अग्नी-५ हे क्षेपणास्त्र पहिल्यांदा झेपावलं. आम्ही तिथे होतो.

आदल्या संध्याकाळी विजा चमकायला लागल्या आणि उड्डाण पुढे ढकललं. त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. बाहेर सुमारे ५० टन वजनाचं, १७ मीटरहून उंच धूड उभं, आत आम्ही तेच आकडे पुन्हा पुन्हा तपासतोय.

लोकांना वाटतं, तो जाळ, तो गडगडाट म्हणजे चाचणी. आमचा जीव टांगणीला लागतो तो त्यानंतर. तिन्ही टप्प्यांचं घन इंधन काही मिनिटांत संपतं. पुढचे हजारो किलोमीटर ते भिरकावलेल्या दगडासारखं जातं, आणि वातावरणात परत शिरताना बाहेरून ३००० अंशांच्या आसपास तापतं. आतली उपकरणं मात्र थंडच राहायला हवीत. ते उष्णताकवच टिकेल ना, एवढाच विचार डोक्यात.

पडद्यावर आधीच आखलेली रेषा, तिच्यावरून सरकणारा ठिपका. जवळपास वीस मिनिटं. शेजारच्या ओडिया मित्राने माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बोटांचे वळ उठले. दक्षिणेकडे हिंदी महासागरात थांबलेल्या जहाजांकडून खबर आली तेव्हा कुठे ते सुटलं.

आज त्याला फोन लावला. तोही घड्याळाकडेच बघत बसला होता.