म्हणे मी शिष्ट

आई पोळ्या लाटता लाटता सहज बोलून गेली की बिल्डिंगमधल्या काकू म्हणत होत्या, तुमची मुलगी जरा शिष्टच आहे हो. तिने ते हसण्यावारी नेलं. मला काही जमत नाहीये.

काय झालं असेल ते माहितीये मला. लिफ्टमध्ये त्यांनी विचारलं, "काय गं, आज लवकर?" मी म्हटलं, "हो." झालं की! पुढे आपण पण काहीतरी विचारायचं असतं, भाजीला गेला होतात का वगैरे, हे मला पाठ आहे, पण तेव्हा पंखा घरघरत होता, त्यांच्या पिशवीतल्या मेथीचा वास डोक्यात गेला होता आणि माझं वाक्य जुळेपर्यंत चौथा मजला आला पण. याला शिष्टपणा म्हणतात? शिष्ट माणसाला समोरचा नकोसा असतो ना. मला काकू आवडतात! पण ते चेहऱ्यावर कुठे दिसतं. आईने अजून बिल्डिंगमध्ये कोणाला माझ्या ऑटिझमचं सांगितलेलं नाही, तो वेगळाच विषय, जाऊदे.

रात्री झोप येईना म्हणून 2017 चा एक रिसर्च परत काढून वाचला. ऑटिस्टिक माणसांना बोलताना बघून किंवा नुसतं ऐकून लोकांचं मत काही सेकंदांतच वाईट होतं, आणि तेच बोलणं फक्त लिहिलेलं वाचायला दिलं तर फरकच उरत नाही. म्हणजे शब्दांत खोट नाहीये, आवाज आणि चेहऱ्यात आहे. आधी खूप रडू आलं. मग वाटलं, म्हणूनच सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी टाकी धुण्याचे मेसेज टाकते तेव्हा ह्याच काकू दोन दोन हात जोडलेले इमोजी पाठवतात. तिथे मी शिष्ट नसते.

डॅमियन मिल्टन म्हणून एक ब्रिटिश संशोधक आहे, स्वतः ऑटिस्टिक, त्याने 2012 मध्येच मांडलंय की ऑटिस्टिक आणि बाकीचे, न समजणं दोन्ही बाजूंनी असतं. असेल, पण नावं फक्त एकाच बाजूला ठेवतात.

आपल्याला संक्रांत बेस्ट. तिळगूळ घ्या गोड गोड बोला, सगळ्यांचं वाक्य एकच, वाडगा पुढे करायचा, पुढचं दार. बाकीच्या दिवसांना पण असं एकेक वाक्य ठरवून टाका ना कुणीतरी, मी पाठ करते. सोसायटीच्या मीटिंगमध्ये तसा ठरावच मांडला असता, पण मीटिंगच्या आधी चहा असतो आणि चहाला सगळ्यांशी बोलावं लागतं.