तुम्ही विचारलंत म्हणून: ती पोरं माझी कोण लागतात?

इंडियानापोलिसच्या गणपतीत हा प्रश्न मला दरवर्षी येतो. गणपती येतात तेव्हा इथला कॉलेज सॉकरचा, म्हणजे आपल्या फुटबॉलचा, हंगाम सुरू झालेला असतो. आरती संपली की मी प्रसाद घेऊन घाईघाईनं निघते, कारण ब्लूमिंग्टनला घरी परतायला एक तास लागतो आणि संध्याकाळी सामना असतो. मग कुणीतरी विचारतंच, "तुमची मुलगी दुसऱ्या राज्यात शिकते, तुम्ही स्वतःही इंडियाना विद्यापीठात शिकला नाहीत. मग त्यांच्या सॉकर टीमसाठी एवढी धावपळ कशाला?" कोल्हापूरहून दादा फोनवर हेच त्याच्या भाषेत विचारतो, "ती पोरं तुझी कोण लागत्यात गं?"

दादा विचारतो खरा, पण हे सगळं सुरू झालं ते त्याच्यापासूनच.

कोल्हापुरात फुटबॉल तालमींचा असतो. कुस्तीच्या तालमींनी आपापल्या पेठेची टीम उभी केली आणि पेठेपेठेतलं वैर शाहू स्टेडियमच्या मैदानावर आलं. दादा आमच्या तालमीकडून राइट विंगला खेळायचा. १९८८ च्या एप्रिलमध्ये, मी अकरा वर्षांची असताना, त्याचा पाय मातीत रुतला आणि अंग वळलं. कुणी धक्का दिला नव्हता. तो खाली बसला आणि उठलाच नाही. चौघांनी उचलून बाहेर आणलं, कुणी पाणी मारलं, कुणी बर्फाचा गोळा विकणाऱ्याकडून बर्फ आणला. संध्याकाळी हाडवैद्याचा लेप लागला, वर क्रेप बँडेज. दोन आठवड्यांनी उपांत्य सामना होता. पेठेची इज्जत होती. दादा उतरला आणि विसाव्या मिनिटाला तोच गुडघा पुन्हा निसटला. आता आपण त्याला एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतला बंध, फाटली म्हणतो. तेव्हा आमच्या घरात तो शब्द नव्हता. दादा तेव्हा एकवीस वर्षांचा होता. त्यानंतर तो फुटबॉल खेळला नाही.

नवऱ्याच्या नोकरीमुळे २००९ साली आम्ही ब्लूमिंग्टनला आलो. इंडियाना विद्यापीठाचं बिल आर्मस्ट्राँग स्टेडियम आमच्या घरापासून चालत जाण्याइतकं जवळ. पहिल्यांदा गेले ती फक्त दिवे दिसले म्हणून. मैदानाभोवती सायकलींची धावपट्टी आहे, कारण वसंतात तिथंच विद्यार्थ्यांची लिटल ५०० ही शर्यत होते. मैदानाला नाव आहे जेरी यागली यांचं. हे गृहस्थ १९६३ मध्ये इथं आले. तेव्हा विद्यापीठाची अधिकृत सॉकर टीमच नव्हती. दहा वर्षं त्यांनी क्लब म्हणून पोरं खेळवली, तेव्हा कुठं १९७३ मध्ये मान्यता मिळाली. आजवर इंडियानाची आठ राष्ट्रीय विजेतेपदं आहेत, त्यांतली पहिली सहा यागलींच्या हाताखालची. सहावं २००३ चं. हा आपला शेवटचा हंगाम, असं त्यांनी आधीच जाहीर केलं होतं. सुरुवात डळमळीत झाली आणि तीच टीम डिसेंबरात कोलंबस शहरातल्या अंतिम सामन्यात सेंट जॉन्स विद्यापीठाला २-१ हरवून आली. ही गोष्ट इथले जुने लोक अजून सांगतात, आणि मलाही ती पुन्हा पुन्हा ऐकायला आवडते.

तिसरं विजेतेपद १९८८ चं आहे. अंतिम सामना याच मैदानावर झाला होता, हॉवर्ड विद्यापीठाविरुद्ध, १-०. दादाचा गुडघा गेला तेच वर्ष. हे कळलं त्या दिवशी मी स्टेडियमच्या पायरीवर बराच वेळ बसून राहिले.

आता खऱ्या उत्तराकडे येते. दादाच्या टीममधली काही माणसं पस्तिशीपर्यंत खेळली. इथं तसं नाही. इथं खेळाडूला मोजून चार हंगाम मिळतात, आणि हंगाम म्हणजे ऑगस्टच्या अखेरीपासून डिसेंबरपर्यंतचे साडेतीन महिने. त्यातही आठवड्याला दोन सामने. शुक्रवारी नव्वद मिनिटं, मंगळवारी पुन्हा नव्वद, मध्ये बसचा प्रवास आणि परीक्षा. एखाद्याचा स्नायू ताणला तर तीन आठवडे जातात, म्हणजे पाच-सहा सामने. गुडघा फाटला तर ऑपरेशन, आणि परतायला नऊ महिने ते वर्ष. म्हणजे एक पूर्ण हंगाम. चारातला एक.

यासाठी मेडिकल रेडशर्ट नावाची सोय आहे. दुखापत हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात झाली आणि तोवर फार सामने खेळून झालेले नसले, तर ते वर्ष हिशेबात धरत नाहीत. कागदावर हंगाम परत मिळतो. पण सोबतचे मित्र पुढे निघून जातात, आपली जागा नव्या पोरानं घेतलेली असते, आणि तो परत मिळालेला हंगाम वेगळ्याच टीमबरोबर खेळावा लागतो.

मेरीलँड विद्यापीठाचे प्रशिक्षक साशो चिरोव्स्की कित्येक वर्षं सांगत आले आहेत की पुरुषांचा हंगाम कॉलेजच्या दोन्ही सत्रांत विभागा, आठवड्याला एकच सामना ठेवा, पोरांना शरीर सावरायला वेळ द्या. मला ते पटतं. इंडियाना आणि मेरीलँड यांच्यात कसली चुरस आहे ते बिग टेनवाल्यांना, म्हणजे दोघं खेळतात त्या विद्यापीठांच्या गटातल्यांना, सांगायला नको, तरी या बाबतीत मी मेरीलँडच्या बाजूची.

तुम्ही हेही विचारता की एवढं पाहून शेवटी मिळतं काय. खरं आहे, मी आल्यापासून विजेतेपद एकदाच पाहिलं, २०१२ मध्ये, जॉर्जटाउनवर १-०. त्यानंतर तीन अंतिम सामने हरताना पाहिले. २०१७ ला स्टॅनफर्डकडून, जादा वेळेत. करोनामुळे २०२० चा हंगाम २०२१ च्या वसंतात झाला, आणि मे महिन्यात मार्शलनं ९८ व्या मिनिटाला गोल केला. तेव्हा गोल्डन गोलचा नियम होता. गोल झाला की संपलं, उरलेली मिनिटं खेळायचीच नाहीत. पोरं जिथं होती तिथं आडवी झाली. पुढच्याच वर्षी तो नियम गेला. २०२२ च्या अंतिम सामन्यात, नॉर्थ कॅरोलायनातल्या केरी इथं, सिराक्यूज २-१ नं पुढं होतं, ऐंशीच्या सुमारास हर्बर्ट एंडलीनं बरोबरी केली, आणि मी घरात टीव्हीसमोर एवढ्या जोरानं ओरडले की नवरा वरून धावत आला. जादा वेळेत काही झालं नाही. पेनल्टीत ७-६ नं गेला. सात आणि सहा! एवढ्या पेनल्टी बघताना माणसाच्या हातापायातलं बळ जातं.

हरण्याचं दुःख होतंच, मी ते लपवत नाही. पण मी जाते ती मैदानाच्या दुसऱ्या बाजूला बघायला.

बाकावर दर वर्षी एक-दोन पोरं असतात, साध्या ट्रॅकसूटमधली. पायाला ब्रेस, बाजूला कुबड्या. गोल झाला की तीही उठतात, एका पायावर. इथलं घड्याळ उलटं चालतं, पंचेचाळीसपासून शून्याकडे, आणि शेवटचे दहा सेकंद सगळं स्टेडियम मोठ्यानं मोजतं. बाकावरची पोरंही मोजतात.

त्यांतल्या एकाला मी पडताना पाहिलं होतं. वर्ष आणि नाव सांगणार नाही, त्याची दुखापत त्याची आहे. अंगावर कुणी नव्हतं. पाय रुतला, अंग वळलं. लोकांना वाटलं, उठेल. मला ऐकू आला तो शाहू स्टेडियमवरचा आवाज. ट्रेनर पन्नास पावलं धावत आला, गुडघा दोन्ही हातांत धरून त्यानं हळूच पुढं ओढून पाहिला, आणि त्या पोराला पुन्हा मैदानात पाऊल टाकू दिलं नाही. त्या क्षणी मला रडू आलं. पोरगं पडलं म्हणून नव्हे. कुणीतरी त्याला थांबवलं म्हणून.

रात्री दादाला फोन केला, सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "कळवत जा."

त्यानंतर वर्षभर मी कळवत राहिले. कुबड्या गेल्या. मैदानाच्या कडेनं चालायला लागला. थंडीत सरळ रेषेत पळताना दिसला. मार्चमध्ये वळून पळाला. दादा प्रत्येक वेळी एखादाच प्रश्न विचारायचा: पायऱ्या उतरताना कठडा धरतो का? मांडी दुसरीएवढी भरली का? हे प्रश्न मला सुचलेच नसते. मी दुर्बीण घेऊन सराव बघायला जाऊ लागले ती त्यांची उत्तरं देण्यासाठी.

पुढच्या सप्टेंबरात, गणपतीच्याच दिवसांत, तो उतरला. शेवटची आठ मिनिटं. फारसं काही केलं नाही त्यानं. दोन पास, एक थ्रो-इन, आणि एक बॉल अडवायला पाय पूर्ण ताणून घातला. कोल्हापुरात पहाट झाली होती. मी स्टेडियमच्या फाटकातूनच फोन लावला.

"उतरला का?"

"उतरला, दादा. आठ मिनिटं."

"खेळताना गुडघ्याकडं बघत होता का बॉलकडं?"

"बॉलकडं."

"मग झालंय बरं त्येचं," दादा म्हणाला.